ब्रेकबाईंनी मांडी घातली

ब्रेकबाईंनी त्या सकाळी करकचून ब्रेक दाबला तेव्हा समोर काहीच नव्हतं. गाडी शिकायला आलेली बाई दातांची डॉक्टर होती. लोकांच्या तोंडात बिनधास्त हात घालायची, पण स्टिअरिंग हातात आलं की तिची बोबडी वळायची. ती चाचरत म्हणाली की ट्रक तर केव्हाच पुढे निघून गेला. मग त्याच्या शेजारचा कुठं गेला, असं बाईंनी दरडावून विचारलं. शेजारी ट्रक नव्हताच. ट्रक एकच होता, आणि दातांची डॉक्टर तसं शपथेवर सांगायला तयार होती.

बाईंनी गाडी कडेला घ्यायला लावली आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहिलं. दोन खांब होते, एकमेकांना चिकटलेले, दुसरा जरा तिरका. एक डोळा झाकला तर खांब एक. दुसरा झाकला तरी एक. दोन्ही उघडले की जोडी पुन्हा हजर. चष्म्याचा नंबर वाढला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि क्लच सोडण्यावरून डॉक्टरला आणखी चार शब्द सुनावले. आधीची चूक कुणाची होती हे तेवढ्यात दोघी विसरून गेल्या.

ब्रेकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आठवणारी माणसं त्या भागात फारशी उरली नव्हती. शिकवणाऱ्याच्या गाडीला असतो तसा त्यांच्या गाडीलाही शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच होता, आणि त्या ब्रेकवर बाईंचा पाय वर्षानुवर्षं ठाण मांडून होता. शिंपी, वकील, नव्या नवऱ्या, एक निवृत्त न्यायाधीश, सगळे त्या पायाच्या धाकात तयार झाले. पहिले काही दिवस बाई सगळं सांभाळून घेत, मग हळूहळू पाय मागे घेत, आणि एक दिवस शिकणाऱ्याच्या लक्षात येई की बरेच दिवस आपण एकटेच गाडी चालवतोय. शिकवण्यातली खरी खुबी पाय कधी काढायचा ते कळण्यात आहे, असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांना स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

एकच माणूस त्यांच्या हाताखालून कोरा गेला होता. तो म्हणजे त्यांचा नवरा.

नवरा शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला. सगळे त्यांना सर म्हणत. जगातल्या नद्या, खिंडी, सामुद्रधुन्या सरांना तोंडपाठ, पण गाडी काढून कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं तर दरदरून घाम फुटायचा. लग्नानंतर बाईंनी त्यांना शिकवायचा प्रयत्न बऱ्याचदा केला, आणि प्रत्येक वेळी तो अबोल्यात संपला. बाईंच्या मते दोष सरांचाही नव्हता आणि त्यांचाही नव्हता, दोष ‘अहो’चा होता. बाकीच्यांना नुसतं ‘ए, ब्रेक’ म्हणता येतं. नवऱ्याला आधी ‘अहो’ म्हणावं लागतं, आणि ‘अहो’ म्हणेपर्यंत खांब आलेला असतो. शेवटी गाडी शिकवायची की संसार टिकवायचा असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा दोघांनी संसार निवडला. सर बसनं जायला लागले आणि त्यात सुखी होते.

तर त्या दोन खांबांनंतर डावी पापणी जड झाली. डोळ्याच्या मागे ठणका लागला. झोप कमी पडते, धूळ जाते, वय झालं, अशी कारणं बाईंनी पुढच्या कित्येक सकाळी एकेक करून वापरून संपवली. एकदा चहा पिताना सर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले की चष्मा वाकडा बसतोय असं मला वाटत होतं, पण चष्मा सरळ आहे, तुझा डावा डोळाच पुढे आलाय. बाई म्हणाल्या की चला, लग्नानंतर इतक्या वर्षांनी का होईना, बायकोच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. पण कपातला चहा त्यांनी तसाच ठेवला आणि आरशासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

कारण मागच्या खेपेलाही सुरुवात अशीच किरकोळ होती. अंगाला खाज सुटली होती, बाकी काही नाही. मग डोळे पिवळे पडले, आणि तपासण्यांच्या शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की पित्तनलिकेचा कर्करोग आहे. अशी काही नलिका आपल्या पोटात आहे हे बाईंना तोवर माहीतही नव्हतं. यकृतातलं पित्त आतड्यात नेणारी एवढीशी नळी, पेट्रोलच्या पाइपासारखी, असं त्या विद्यार्थ्यांना समजावून सांगायच्या. मोठं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले आणि परत आले. सीटबेल्ट टाक्यांवर घासू नये म्हणून पोटाशी छोटी उशी धरून बाई पुन्हा गाडीत जाऊन बसल्या. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

आता डोळ्यांच्या दवाखान्यात स्कॅन झाला तेव्हा डोळ्याच्या खोबणीत, बुबुळाच्या पार मागे, एक गाठ दिसली. तीच डोळ्याला पुढे आणि बाजूला ढकलत होती, म्हणून एकाचे दोन दिसत होते. गाठीचा तुकडा तपासायला गेला. रोग नवा नव्हता, जुनाच होता. पित्तनलिकेतला कर्करोग रक्तातून फिरत फिरत डोळ्याच्या खोबणीत येऊन बसला होता. डोळ्यांची डॉक्टर वयानं तरुण आणि स्वभावानं मऊ. ती म्हणाली की असं फार क्वचित होतं, मी आजवर फक्त पुस्तकात वाचलं होतं.

"पोटातून निघून इथवर आला," बाई म्हणाल्या, "आणि वाटेत त्याला कुणी अडवलं नाही?"

डॉक्टरला हसावं की नाही ते कळेना. तिनं काहीही न लपवता सगळं सांगितलं. हा आता मुळापासून निघणार नाही. रेडिएशन दिलं की गाठ आकसेल, ठणका कमी होईल, डोळा जागेवर राहील, पण त्याची नजर टिकेल असं नाही. औषधं चालू राहतील. दुसरीकडेही तो डोकं वर काढील. सरांनी किती वेळ आहे ते विचारलं. काही महिने, असं ती म्हणाली, वर्ष निघालं तर आपलं नशीब. आणि गाडी मात्र आजपासून बंद.

बाई शांतपणे उठल्या, बाथरूममध्ये गेल्या, नळ पूर्ण सोडला आणि पोटभर रडल्या. मरणाचं दुःख होतंच, पण पहिलं रडू आलं ते गाडीचं, हे त्यांनी नंतर सरांना प्रामाणिकपणे सांगितलं. सरांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांनी फक्त बायकोचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

रेडिएशन सुरू झालं. बसचा शेवटचा थांबा ओलांडून चढ चढल्यावर त्यांचं घर. तेव्हा दवाखान्यात जायला टॅक्सीशिवाय गत्यंतर नव्हतं. बाई मागे बसून सगळ्या टॅक्सीवाल्यांना मनातल्या मनात नापास करत. एकदा मात्र मनातलं ओठांवर आलं. टॅक्सीवाला खांद्यात फोन धरून कुणाशी तरी भांडत होता आणि गाडी एका हातानं हाकत होता. बाईंनी त्याला फोन ठेवायला सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. मग बाईंनी त्याची जी हजेरी घेतली ती ऐकून त्यानं गाडी कडेला लावली आणि दोघांना खाली उतरवलं.

भर दुपारी रस्त्याच्या कडेला, डोळ्यावर पट्टी, अंगात त्राण नाही, अशा बाई एका कुंपणाला टेकून उभ्या राहिल्या. सर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करत होते, आणि तोही असा, की वर्गात उत्तर येत असूनही उठायला लाजणारा मुलगा करतो. बाईंना त्यांची दया आली आणि लगेच दयेचा रागही आला. हा माणूस आपल्यामागे असाच उभा राहणार. रस्त्याच्या कडेला हात वर करून, कुणीतरी थांबेल म्हणून.

"तुम्ही गाडी शिकायची," त्या म्हणाल्या.

"आत्ता?" सर म्हणाले.

"नाहीतर कधी? मी असेपर्यंत शिकायची. तुम्ही पास झालेले मला या डोळ्यानं बघायचेत." त्यांनी चांगल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "हा आहे तोवर."

लेकीला फोनवर ही बातमी कळली तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. ती दूर दुसऱ्या शहरात राहायची. तिचं म्हणणं असं की गाडी विका, घराला कुलूप लावा, दोघं माझ्याकडे या. बाबांना या वयात जमणार नाही, तू त्यांना कशाला छळतेस, असंही ती म्हणाली. बाई म्हणाल्या की तुझ्या बाबांना मी जन्मभर छळलंय, आता शेवटी सवय मोडायला नको. लेक हसता हसता रडायला लागली. मग बाईंनी फोन सरांकडे दिला, कारण रडणाऱ्या माणसांशी बोलणं त्यांना कधीच जमलं नव्हतं.

शिकवणी सुरू झाली. रेडिएशननं गाठ आकसली होती, ठणका गेला होता, डोळा बराचसा आत बसला होता, पण त्यातून आता नुसता धूसर उजेड दिसायचा. बाई त्यावर पट्टी बांधत. पहिल्याच दिवशी त्यांनी कायदा जाहीर केला, की घरात अहो-जाहो, गाडीत अरे-तुरे. सर गालात हसले. त्यांना ते आवडलं असावं.

आणि खरं सांगायचं तर सर वाईट चालवत नव्हते. माणूस सावध, वळणं बेतानं घेणारा, आरशात बघणारा. नकाशात आयुष्य गेल्यामुळे कुठला रस्ता कुठं निघतो हे त्यांना पक्कं ठाऊक. बाई सुखावल्या. त्यांनी घाईनं परिवहन कार्यालयातून लायसन्सच्या परीक्षेची तारीखही घेतली.

परीक्षा घेणारा इन्स्पेक्टर आणि बाई यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. बाईंचे चांगले चांगले विद्यार्थी त्यानं बारीकसारीक चुकांवरून परत पाठवलेले, आणि त्यावरून भर आवारात दोघांची जुंपलेली अख्ख्या कार्यालयानं पाहिलेली. त्या दिवशी मात्र बाईंच्या डोळ्यावरची पट्टी पाहून तो एकदम अदबीनं बोलायला लागला. बसा ना, पाणी आणू का. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्याशी नेहमीसारखं वाकडंच बोला, असं त्यांनी त्याला बजावलं.

परीक्षेची गाडी कार्यालयाची असे. तिला दुसरा ब्रेक नसे. सर इन्स्पेक्टरला घेऊन निघाले आणि जरा वेळानं पायी परत आले. इन्स्पेक्टर गाडी घेऊन मागून आला. तो म्हणाला, "सर चालवतात छान. पण थांबवत नाहीत. थांबायची वेळ आली की माझ्या पायांकडे बघतात."

पहिल्या थांबण्याच्या रेषेवर त्यानं हँडब्रेक ओढला होता म्हणून निभावलं.

दोघं टॅक्सीनं घरी आले. सर खिडकीपाशी बसले आणि जगाचा नकाशा पुसत बसले, जो मुळात स्वच्छच होता. बाई मात्र घरात गेल्याच नाहीत. दारात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीत, स्वतःच्या सीटवर जाऊन बसल्या. समोर फाटक होतं, गाडी बंद होती. समोरून एक सायकलवाला गेला. बाईंचा पाय आपसूक ब्रेकवर दाबला गेला.

त्यांनी खाली पायाकडे पाहिलं. घोडं कुठं पेंड खातंय ते त्यांना त्या क्षणी कळलं. अख्ख्या जगाच्या बाबतीत जो पाय वेळेवर मागे घेतला, तो नवऱ्याच्या बाबतीत त्यांनी एकदाही काढला नव्हता. आता तर एका डोळ्यानं अंतराचा अंदाज येईना, सगळंच जवळ वाटायचं, म्हणून तो पाय आणखी लवकर पडायचा. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक कोपऱ्याला गाडी थांबवली होती ती बाईंनी. गाडी थांबायची असली की आपोआप थांबते, अशी सरांची प्रामाणिक समजूत झाली होती, आणि बायकोशेजारी बसून जगलेल्या माणसाची ती होणारच. एवढं सगळं नीट ध्यानात आल्यावर बाईंना त्या दिवसभरात पहिल्यांदा हसू आलं.

शहराबाहेर एक बंद पडलेली सूतगिरणी होती. तिचं आवार मोठं, फरशीचं, आणि पलीकडच्या टोकाला उंच भिंत. दुसऱ्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरनं त्यांची गाडी तिथं आणून दिली. ती आता पास झालेली होती आणि कुणालाही कुठंही सोडायला एका पायावर तयार असायची. ती खाली उतरून पायरीवर बसली. बाई शेजारच्या सीटवर बसल्या, सीट मागे सरकवली, बेल्ट लावला, चपला काढल्या आणि मांडी घातली.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"पाय मुडपून ठेवलेत," बाई म्हणाल्या. "आता ते खाली जाणार नाहीत. आणि डोळाही मिटणार आहे. त्या भिंतीकडे गाडी घे. थांबवायची असेल तेव्हा थांबव. नाही थांबवलीस तर दोघं एकदमच जाऊ, मला तर तेवढीच सोबत."

असली थट्टा सरांना आवडत नसे. पण त्यांनी गाडी सुरू केली.

बाईंनी डोळा मिटला. आवाज तर त्यांच्या ओळखीचेच होते. पहिला गिअर कण्हतो तसा कण्हला. दुसरा टाक, असं त्या म्हणाल्या, आणि दुसरा पडला. फरशीच्या सांध्यांवरून चाकं टकटक करत निघाली, टकटक भराभर व्हायला लागली. भिंतीवरून आपटून येणारा इंजिनाचा आवाज जवळ आला, आणखी जवळ आला. बाईंचा उजवा पाय मांडीतल्या मांडीत वळवळायला लागला. त्यांनी दोन्ही हातांनी घोटा घट्ट धरला. त्यांच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ काही सोसलं होतं. पोट उघडलं गेलं, नसांत औषध जाळत गेलं, डोळ्यामागे आग पेटली. पण तो पाय न दाबता बसून राहणं त्यांना सगळ्यांत जड गेलं, हे मी लिहितो त्यात तसूभरही अतिशयोक्ती नाही. ओरडावंसं वाटलं. ‘अरे’सुद्धा म्हणावंसं वाटलं. त्या गप्प राहिल्या.

गाडी थांबली. थोडा हिसका बसला, पण थांबली. बाईंनी डोळा उघडला. समोर भिंत होती, मध्ये एक खाट मावेल एवढी जागा होती. सर स्टिअरिंगला धरून घामानं निथळत होते.

"थांबली," ते म्हणाले.

"थांबली नाही," बाई म्हणाल्या. "तू थांबवलीस."

सरांनी खाली स्वतःच्या पायाकडे पाहिलं, जणू तो पाय कुणीतरी नवीनच आणून बसवला होता. मग ते हसायला लागले. इतके हसले, की पायरीवरची डॉक्टर घाबरून धावत आली. बाईंना मात्र मांडी सोडता येईना. गुडघे धरले होते, आणि डॉक्टरला आधी त्यांचे पाय सोडवावे लागले.

त्यानंतर रोज मांडी. आधी गिरणीचं आवार, मग मागचे रिकामे रस्ते, मग बाजार. सरांच्या पायात शहाणपण आलं. चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घरंगळता पुन्हा सोडायची, हे त्यांना भारी जड जात होतं, तेव्हा बाईंनी घरासमोरचाच चढ त्यांच्याकडून इतक्यांदा चढवून घेतला की शेजारपाजारचे लोक खिडक्यांत येऊन बघायला लागले. एक जण दयेनं म्हणाला की बिचारे, आजारपणात डोकं फिरलं असेल. बाईंनी ते ऐकलं. त्यांनी काच खाली केली आणि त्याच्याकडे चौकशी केली, की गेल्या वर्षी फाटकाला घासली ती गाडी कुणाची हो.

मधल्या काळात बातम्या काही चांगल्या येत नव्हत्या. यकृतात नवे डाग दिसले. बाईंचं वजन उतरलं, त्वचेला पुन्हा पिवळट झाक आली, दुपारी शिकवणी अर्धवट टाकून झोपावं लागे. सर म्हणायचे की राहू दे आज. बाई म्हणायच्या की मी गाडीतच झोपते, तू चालव, खड्डा आला तर जाग येईल आणि मार्क कापीन.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाईंना ताप भरला. सर तारीख पुढे ढकलायला निघाले. "ताप मला आलाय," बाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही."

त्या शाल गुंडाळून कार्यालयाच्या आवारातल्या बाकावर जाऊन बसल्या. दातांची डॉक्टर त्यांच्याजवळ थांबली. इन्स्पेक्टर आला, त्यानं बाईंकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पाणीबिणी काही विचारलं नाही. तो नेहमीसारखा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, की चला सर, वेळ नाही माझ्याकडे. बाईंना त्याच्याविषयी आयुष्यात पहिल्यांदा आपुलकी वाटली.

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्यावर दिसेनाशी झाली. बाई त्या रिकाम्या फाटकाकडे बघत बसल्या. आवारात दुसऱ्या शाळांचे विद्यार्थी होते, कुणी नखं खात होतं, कुणी मनातल्या मनात गिअर बदलत होतं. बाईंनी देवाला कधी फारसा त्रास दिला नव्हता, पण त्या दिवशी दिला. आणखी वर्ष दे असं त्यांनी मागितलं नाही. हा माणूस रेषेवर थांबू दे, एवढंच मागितलं.

गाडी परत आली. फाटकातून आत वळली, रेषेवर आली, थांबली. अगदी अलगद, पुढ्यात पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला नसता अशी. मग आवाराच्या टोकाला असलेल्या चढावर चढली, मध्येच थांबली, तशीच उभी राहिली, आणि एक बोटभरही मागे न येता वर निघून गेली. मग उलटी येऊन दोन खांबांच्या मधल्या जागेत जाऊन बसली. ते दोन खांब खरोखरचे होते. बाईंनी खात्री करून घेतली.

इन्स्पेक्टर उतरून सरळ बाईंकडे आला. वळताना फार हळू जातात, मागचे लोक वैतागतात, त्याचे गुण कापले, असं त्यानं सांगितलं. एकदा इंडिकेटर बंद करायला विसरले, त्याचेही कापले. बाकी पास.

"दया म्हणून तर नाही ना?" बाईंनी विचारलं.

"बाई," तो म्हणाला, "इतकी वर्षं तुमची माणसं नापास केली, तेव्हा मला कधी दया आलेली पाहिलीत?"

बाईंनी मान हलवली. मग त्यांनी त्याच्याशी हात मिळवला. दोघांच्या भांडणाला मुकलेलं अख्खं कार्यालय खिडक्यांतून बघत होतं. सर मागून आले, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा फुललेला. बाईंना खूप काही म्हणायचं होतं. इंडिकेटर विसरलात ना, एवढंच तोंडातून निघालं, आणि मग भर आवारात, विद्यार्थी बघत असताना, त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि मोकळेपणानं रडल्या. या खेपेला नळबिळ सोडायची गरज पडली नाही.

त्यांची स्वतःची गाडी बाहेर उभी होती. डॉक्टर किल्ली सरांच्या हातात देऊन बसनं गेली, मुद्दामच. सरांनी सवयीनं शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं. बाईंनी ते लावून टाकलं, मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"तिथं कुठं?" सर म्हणाले. "पुढे ये ना."

"अहो, ती शिकवणाऱ्याची जागा," बाई म्हणाल्या. "माझं शिकवून झालं."

सरांनी मागचं दार नीट लावलं. मग पुढे जाऊन बसले, बेल्ट लावला आणि गाडी काढली. बाईंनी चपला काढून पाय सीटवर लांब केले. कुठून जायचं ते सरांनी विचारलं नाही आणि बाईंनी सांगितलं नाही.

इतकी वर्षं त्या याच रस्त्यांवरून दिवसातून कितीदा तरी गेल्या होत्या, पण नजर कायम समोर, पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांवर. बाजूच्या काचेतून बाहेर बघायची त्यांना कधी उसंतच मिळाली नव्हती. आता उरलेल्या एका डोळ्यानं त्या बघायला लागल्या. कुलूपवाल्याच्या दुकानावर निळी गच्ची होती आणि तिथं कुणीतरी उशा वाळत घातल्या होत्या. एका खिडकीत एक माणूस स्टुलावर चढून पडदा टांगत होता आणि खालून त्याची बायको त्याला चुकीचं टोक दाखवत होती. मग पूल आला. पुलाखालून पाणी वाहत होतं आणि पाण्यात बदकं होती, चांगली मोठी रांग.

बाई उठून काचेला नाक लावून बसल्या.

"अहो, इथं बदकं आहेत," त्या म्हणाल्या.

"पहिल्यापासून आहेत," सर म्हणाले. "मी बसमधून रोज बघायचो."

त्यांनी तिकडे मान वळवली नाही. त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं.